केबलवाल्याची वायर कापली आणि सोसायटीत कुणाला काही वाटलंसुद्धा नाही

वीस तारीख होती. ज्यांना थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, शेवटच्या दिवशी भरावं लागतं त्यांना पुढचं सांगायला नको. माझ्याकडे सात क्लायंट बाकी, त्यातल्या दोघांनी सेलचे आकडे त्याच दिवशी सकाळी नऊला पाठवलेले, आणि साडेनऊला नेट गेलं. जीएसटीचं पोर्टल वीस तारखेला रडतंच, पण हे पोर्टल नव्हतं, नेटच गेलेलं, राउटरच्या डब्यावरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, दिवा लाल. केबलवाल्याला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला, नेहमीसारखा. म्हणाला, "ताई, मी खालीच उभाय, वॉचमन वर सोडत नाहीये. तुमच्या शाफ्टमधली माझी सगळी वायर कापलीय."

कापलीय. तुटली नाही, उंदरानं खाल्ली नाही, कुणीतरी पक्कड घेऊन एकेका मजल्यावरची वायर कापलीय. खाली गेले तर जिन्याजवळ कोपऱ्यात काळ्या वायरची भेंडोळी पडलेली आणि तो माणूस ती गोळा करत होता, कारण कनेक्टर परत वापरता येतात. मला बघून म्हणाला, "मॅडमला सकाळीच त्रास झाला." अरे, तुझा धंदा कापलाय आणि तू मला सॉरी म्हणतोयस?

सेक्रेटरी काकांकडे गेले. "अहो, ग्रुपवर टाकलं होतं की. आता सोसायटीत एकच कंपनी. लॉबीत, क्लबहाउसात फुकट वायफाय देणारेत, शिवाय सोसायटीला महिन्याला थोडे पैसे मिळतील, मेंटेनन्सला मदत." ग्रुपवर शोधलं. मेसेज खरंच होता, रात्री सव्वाअकराचा, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे चाळीस केक यांच्या मधोमध. जनरल बॉडीत विषय नाही, ठराव नाही, नोटीस बोर्डावर कागद नाही. माझ्या घरात कुणाचं नेट असावं हे कमिटीतल्या पाच जणांनी ठरवलं आणि त्याचे पैसे घेतले. पैसे माझ्या निवडीचे, मिळणार सोसायटीला, आणि मला विचारलंही नाही.

नाइलाज म्हणून त्या मोठ्या कंपनीचं कनेक्शन मागितलं. सेल्सचा मुलगा दहा मिनिटांत हजर. "मॅडम, दोन तासात लागेल." इन्स्टॉलेशन, डिपॉझिट, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ, वर अठरा टक्के जीएसटी, सगळं तिथेच उभं राहून फोनवरून भरून घेतलं. दोन तास झाले. चार झाले. त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "माझं काम सेल्सचं, इन्स्टॉलेशन वेगळी टीम." वेगळ्या टीमचा नंबर नाही, अ‍ॅपवर तक्रार टाका. अ‍ॅपवर एक बॉट आहे, तो विचारतो तुमची अडचण कोणती, आणि पाच पर्याय देतो, त्यात "अजून कुणी आलंच नाही" हा पर्यायच नाही. मी तीन वेळा टाइप केलं की माणसाशी बोलायचंय. तीनही वेळा त्यानं मला प्लॅन अपग्रेड करायला सांगितलं. कस्टमर केअरला फोन केला, भाषा निवडा, कारण निवडा, नंबर टाका, ओटीपी टाका, मग अठरा मिनिटं गाणं, मग एक बाई आली, बिचारी, तिचा काय दोष, तिच्या स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढंच ती बोलणार. "मॅडम, इंजिनियर रास्ते में है." दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. आमचा इंजिनियर आपल्या पत्त्यावर येऊन गेला, घर बंद होतं, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

घर बंद होतं! मी दार सताड उघडं टाकून दारातच खुर्चीत बसले होते, सकाळपासून, मोबाइलला एक काडी रेंज येते तीही तिथंच येते म्हणून. लिफ्टमधून जो कोण बाहेर आला तो मी बघितलाय. दूधवाला, शेजारच्या आजींची फिजिओथेरपिस्ट, कुरिअर दोनदा. इंजिनियर आला नाही. आलाच नाही. कुठल्यातरी ऑफिसात बसून कुणीतरी बटण दाबलं, कारण तक्रार वेळेत बंद झालेली दाखवायची असते, आणि मला खोटं पाडलं. नेट उशिरा लागलं असतं तर चालवून घेतलं असतं मी, पण मी घरात असताना घर बंद होतं म्हणणं, ते लेखी पाठवणं, आणि त्यावर उत्तर द्यायला जागाच न ठेवणं, ह्याच्यावर माझं डोकं अजून तापलेलं आहे आणि तापलेलंच राहू दे. केबलवाला उशिरा आला तर त्याला खडसावता येतं, तो मान खाली घालून ऐकतो, कारण उद्या त्याच गल्लीतून त्याला जायचंय. ह्या बॉटला मी कुठे गाठू?

आणि हे एका सोसायटीचं नाही. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, जानेवारी २०१७ मध्येच शिफारस केली होती की इमारतीच्या आतल्या वायरी आणि डक्टवर एकाच कंपनीचा कब्जा नको, जो सेवा देईल त्याला आत शिरायला मिळालं पाहिजे. इतकी वर्षं झाली. आणि आमच्या डोंबिवलीत शाफ्टची किल्ली वॉचमनच्या खिशात.

मोबाइलमध्ये हेच बघितलंय आपण. एअरसेल, टेलिनॉर, डोकोमो, रिलायन्स कम्युनिकेशन्स, एमटीएस, एक एक करत गेले किंवा विकले गेले, २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाले, आणि आता बीएसएनएल सोडलं तर तीन उरले. जिओनं सप्टेंबर २०१६ मध्ये सुरुवात केली आणि मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट दिलं. मी पण रांगेत उभी होते, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन, दीड तास. तेव्हा ह्याच केबलवाल्याला मी म्हणाले होते, तुझं नेट आता कशाला हवं. त्यानं काही उत्तर दिलं नव्हतं. जुलै २०२४ ला तिघांनी एक-दोन दिवसांच्या फरकानं दर वाढवले, २३९ चा पॅक २९९ झाला, आणि आपण कुठे जाणार होतो? अठ्ठावीस दिवसांचा महिना करून वर्षाला तेरा रिचार्ज मारून घेतले आपल्याकडून, ट्रायला २०२२ मध्ये सांगावं लागलं की बाबांनो, एक तरी तीस दिवसांचा प्लॅन ठेवा. माझ्या आईकडे लाइफटाइम इनकमिंगचं कार्ड होतं, लाइफटाइम असं छापलेलं, २०१८ च्या शेवटी ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला, नाहीतर कार्ड बंद. आई विचारायची, मग लाइफटाइम म्हणजे कुणाचा?

केबलवाल्यांचंही तेच चाललंय. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सनं हॅथवे आणि डेन ह्या दोन्ही केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. छोटा माणूस उरतो तो एखाद्या मधल्या आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं, नाव लावून, आणि त्याची वरची बँडविड्थ बहुतेक वेळा येते ती ह्याच मोठ्या कंपन्यांकडून. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याचकडून माल विकत घ्यायचा. त्यानं दर वाढवला तर तुम्ही वाढवा, नाहीतर मरा.

त्याची सेवा सोन्याची होती असं मी म्हणत नाही. पावसात जायचं नेट. रस्ता काँक्रीटचा करताना जेसीबीनं दोनदा फायबर तोडली, महापालिकेवाले झाडावरच्या वायरी कापून जायचे, एकदा मार्चएंडला अख्खा दिवस गेला आणि मी त्याला नको नको ते बोलले. पण एप्रिल २०२० मध्ये, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पोलिसांचा पास गळ्यात अडकवून तो आला होता. मुलीची ऑनलाइन शाळा, नवऱ्याचं ऑफिस, माझे क्लायंट, सगळं त्या एका वायरीवर. घरात पाऊल टाकलं नाही, जिन्यात बसून स्प्लायसिंग केलं, म्हणजे तुटलेली फायबर जोडली, पाणी देऊ केलं तर नको म्हणाला, मास्क काढावा लागेल म्हणून. आमच्या कमिटीतल्या पाचही जणांच्या घरी गेला होता तो तेव्हा. पाचही जणांच्या. त्यातल्या एकालाही वायर कापताना ते आठवलं नाही?

माझ्यावरही राग आहे मला. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं म्हणून, ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेले, त्यात एक माझा होता, तेवढं कळत होतं मला. आणि गेल्या तीन वर्षांत सोसायटीच्या एकाही मीटिंगला मी गेले नाही, कारण रविवार, कारण तेच ते पार्किंगचे वाद. मी खाली असते तर निदान विचारलं असतं.

शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून मैत्रिणीकडे गेले, मागच्या गल्लीतल्या तीन मजली जुन्या बिल्डिंगमध्ये. तिच्याकडे अजून त्याचंच नेट आहे. सातही रिटर्न रात्री साडेदहापर्यंत भरले. एक जरी राहिलं असतं तर दिवसाला पन्नास रुपये लेट फी, वर व्याज, आणि क्लायंटनं ते माझ्याचकडून मागितलं असतं, बरोबरच आहे त्याचं.

तिथे बसले असतानाच फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. अडीच हजार. केबलवाल्याला मी वर्षाचे सहा हजार एकदम भरले होते आणि पाच महिने उरले होते. मी मागितले नव्हते. खाली लिहिलेलं, "बाकी महिन्यांचे ताई."

तिकडे मोठ्या कंपनीकडे डिपॉझिट परत मागितलं तर सात ते दहा कामाचे दिवस, आणि आधी कनेक्शन लागलेलं असावं लागतं.

रविवारी साडेदहाला पार्किंगमध्ये मीटिंग बोलवायला लावलीय, लेखी अर्ज देऊन, अकरा जणांच्या सह्या घेऊन. केबलवाल्याचा फोन आला होता की डबा परत द्यायचाय ना, मी येऊन घेऊन जाऊ का. नको म्हटलं. टीव्हीच्या वर तिथेच ठेवलाय, प्लगसुद्धा काढलेला नाही.