३०० रुपयांतली लाकडी पीसी केस आणि तोडायला सांगितलेली तिसरी पिन

‘कॅबिनेटवर दोन-अडीच हजार कशाला घालवता? ३०० रुपयांत घरच्या घरी लाकडी पीसी केस बनवा, दुकानदार हे कधीच सांगणार नाहीत!’ अशा मथळ्याचा आठ मुद्द्यांचा मेसेज सध्या फिरतोय. माझ्या भाच्यानेही तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, प्लगची तिसरी पिन पकडीने तोडली तर चालेल ना?’ नाही चालणार. म्हणून मेसेजचा क्रम बाजूला ठेवून आधी त्या पाचव्या मुद्द्याकडेच येतो.

‘लाकूड वीजरोधक असल्याने शॉकचा प्रश्नच नाही. अर्थिंगची भानगड नको, तिसरी पिन तोडून बिनधास्त टू-पिनवर चालवा.’

कोरडं लाकूड वीजरोधक असतं, एवढंच यात खरं. पण पीसीला अर्थिंग लागतं ते एसएमपीएसमुळे, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्यामुळे, कॅबिनेट कशाचं आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. पॉवर कॉर्ड खुपसतो त्या जागेच्या लगेच मागे एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून एक आणि न्यूट्रलपासून एक असे दोन छोटे कपॅसिटर एसएमपीएसच्या पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात. त्यांतून मिलीअँपच्या काही अंशाएवढा प्रवाह सतत झिरपतो. तिसरी पिन जागेवर असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. पिन तोडली की त्याला वाट उरत नाही आणि बॉडी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकत राहते. एसएमपीएसच्या सगळ्या काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या तारा त्याच बॉडीला जोडलेल्या असतात. म्हणजे यूएसबी पोर्टचं कवच, ग्राफिक्स कार्डची मागची पट्टी, एचडीएमआय केबलचं तोंड, सगळं त्याच व्होल्टेजला. केस लाकडाची असली तरी हे भाग बाहेर डोकावणारच. हात लागला की मुंग्या येतात, पावसाळ्यात दमट हाताला जरा जास्तच. वर अर्थिंग असलेल्या टीव्हीला एचडीएमआय लावताना पोर्ट जळू शकतो तो वेगळाच.

मुंग्यांनी कोणी मरत नाही, हे मान्य. खरी भीती एसएमपीएसच्या आतलं इन्सुलेशन फाटून फेज थेट बॉडीला टेकण्याची. अर्थिंग शाबूत असेल तर त्या क्षणी फ्यूज किंवा एमसीबी उडतो. नसेल तर काहीच उडत नाही, पीसी चालू राहतो आणि पेन ड्राइव्ह लावायला येणाऱ्या माणसाची २३० व्होल्ट वाट बघत बसतात.

तेव्हा पिन तोडण्याऐवजी सॉकेट तपासा. मल्टीमीटर एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवा. वरचं मोठं भोक अर्थचं, समोरून पाहताना उजवीकडचं फेजचं. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. फेज-अर्थला पन्नास, ऐंशी असा भरकटणारा आकडा आला तर अर्थची तार कुठे जोडलेलीच नाही. आणि न्यूट्रल-अर्थ अगदी ठणठणीत शून्य आलं तर जास्त सावध व्हा. काही महाभाग सॉकेटच्या मागे न्यूट्रलचीच तार अर्थला जोडून मोकळे होतात. पुढे कुठे न्यूट्रल तुटला की पीसीची बॉडी थेट फेजवर जाते. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डांत वायरच बऱ्याचदा दोन तारांची असते, तेव्हा तोही तपासा.

लाकडी केसमध्ये तर अर्थिंगसाठी एक जास्तीचं काम करावं लागतं. पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसचे चार स्क्रू आवळले की सगळा सांगाडा आपोआप अर्थ होतो. प्लायवर बसवलेल्या एसएमपीएसचं तसं होत नाही. एक चौरस मिमीची हिरवी तार घ्या, दोन्ही टोकांना रिंग लग (धातूची कडी) दाबा, एक टोक एसएमपीएसच्या स्क्रूखाली आणि दुसरं मदरबोर्डच्या ट्रेवर, म्हणजे तो बसतो त्या पत्र्यावर, तिथला रंग घासून. मग कॉर्डची अर्थ पिन आणि ट्रे यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोजा, तो एक ओहमच्या आत यायला हवा. बोर्डाच्या काळ्या तारांतूनही ही जोडणी होते, पण बिघाडाचा प्रवाह मदरबोर्डमधून जाऊ द्यायचा नसतो.

मेसेजमधला सर्वांत विनोदी मुद्दा पॉवर बटणाचा. ‘भिंतीवरच्या लाइटचा साधा स्विच लावा, मस्त रेट्रो लुक येतो.’ लुक येईल, पीसी चालणार नाही. मदरबोर्डवर पॉवर बटण ज्या दोन पिनांना लागतं, त्या क्षणभर जोडून सोडायच्या असतात, आणि चार सेकंद जोडलेल्या राहिल्या तर ‘जबरदस्तीने बंद कर’ असा त्याचा अर्थ लागतो. लाइटचा स्विच दाबला की दाबलेलाच राहतो. म्हणजे पंखे फिरतात, लोगो येतो न येतो तोच सगळं ठप्प. मग माणूस एसएमपीएस खराब म्हणून दुकानात घेऊन जाणार आणि दुकानदार तो सुरळीत चालवून दाखवणार. दारावरच्या बेलचा स्विच मात्र चालतो हं, कारण तो स्प्रिंगने परत येतो. फक्त तो केसवरच बसवा, २३० व्होल्टच्या बोर्डात इतर स्विचांच्या शेजारी नको. आणि जुन्या कॅबिनेटमधून तार-कनेक्टरसकट बटण फुकट निघत असताना तोही विकत कशाला घ्यायचा?

‘मदरबोर्ड सरळ प्लायवर ठेवून लाकडाच्या स्क्रूने पक्का करा.’ इथे हवेत बोलायची गरज नाही, इंटेलचं एटीएक्स स्पेसिफिकेशन १९९५ पासून आहे आणि त्यात सगळी मापं दिलेली आहेत. बोर्डावरची भोकं ३.९६ मिमीची. मागच्या पोर्टांच्या पट्टीसाठी खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिमी. कार्डं खोचायच्या दोन स्लॉटांमधलं अंतर २०.३२ मिमी. स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाखालचे ते पितळी खुंट, साधारण साडेसहा मिमी उंच. बोर्डाच्या पाठीवर डागकामाची टोकं दोन-तीन मिमी बाहेर आलेली असतात. ती प्लायवर टेकली की स्क्रू आवळताना बोर्ड वाकतो, आणि वाकलेल्या बोर्डावर रॅम कधी दिसते, कधी दिसत नाही. लाकडाच्या स्क्रूचं डोकं निमुळतं असतं, ते भोकात पाचरीसारखं घुसून कडेचे थर फाडतं.

‘मग दहा मिमीचे नायलॉन स्पेसर लावू’ म्हणणाऱ्यांसाठी: पोर्टांची खिडकी आणि कार्डांचे स्लॉट, दोन्ही बोर्डाच्या पातळीवरून मोजलेले असतात. बोर्ड साडेतीन मिमी वर गेला की ग्राफिक्स कार्डची पट्टी मागच्या पत्र्याशी जुळत नाही, तिचा स्क्रू लागत नाही, आणि किलोभर वजनाचं कार्ड नुसत्या स्लॉटवर लोंबकळतं. त्याच दस्तऐवजातली आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पोर्टांची पट्टी ज्या भिंतीत टिचकन बसते, तिची जाडी ०.९४ ते १.३२ मिमी असावी लागते. बारा मिमीच्या प्लायमध्ये ती पट्टी जन्मात बसणार नाही. म्हणून बाकी केस हवी तर लाकडाची करा, मागची भिंत पत्र्याचीच हवी. फॅब्रिकेटरकडून कापून घेणार असाल तर १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी.

‘लाकूड उष्णता शोषून घेतं, त्यामुळे पंखे नकोत, मागे चार भोकं पुरेत.’ लाकूड उष्णता अडवतं. पत्र्याच्या तुलनेत त्यातून उष्णता जवळजवळ जातच नाही. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी: केस कशाची आहे याने तापमानात फारसा फरक पडत नाही, कारण पत्र्याच्या केसमध्येही बहुतेक उष्णता हवेबरोबरच बाहेर जाते. म्हणजे सगळी मदार पंख्यावर. हिशोब सोपा आहे. खेळताना पीसी ३०० वॉट खातो आणि १२० मिमीचा एक पंखा जाळीमागून मिनिटाला तीसेक घनफूट हवा खेचतो असं धरा. आतली हवा खोलीपेक्षा १७-१८ अंशांनी गरम राहील. मे महिन्यात अकोल्यात खोलीच ३८ ला असेल तर आतली हवा ५६, आणि प्रोसेसरचा पंखा त्याच हवेवर काम करणार. पुढे हवा घेणारा आणि मागे काढणारा असे दोनच पंखे लावले की या एका पंख्याची चणचण बरीच कमी होते. एसएमपीएसचा पंखा खाली तोंड करून बसवलात तर तळाला तेवढंच भोक आणि वीस-पंचवीस मिमीचे पाय हवेत. हे विसरलं की एसएमपीएस तापून मधेच बंद पडतो.

उरलेले मुद्दे झटपट. ‘पंखे फेविक्विकने चिकटवा’: तो डिंक ठिसूळ असतो, थरथरीने सुटतो आणि पंखा कार्डवर पडतो. ‘मच्छरदाणीची दुहेरी जाळी लावा’: एकेरी चालते, दुहेरीने हवा कोंडते, आणि पंधरा दिवसांनी ब्रशने झाडली नाही तर एकेरीचंही तेच होतं. ‘प्लाय नसेल तर पुठ्ठा’: कोकणातला एक पावसाळा पुरे, पुठ्ठा वाकतो आणि त्याच्या पन्हळीत झुरळं राहायला येतात. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या कडाही दमट हवेत फुगतात. प्लायचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा तुकडा घ्या. याउलट ‘लाकडाची केस पेट घेते’ असं घाबरवणारे उत्तरादाखलचे मेसेजही फिरताहेत, तेही बरोबर नाहीत. पीसीतून निघणाऱ्या साठ अंशांच्या हवेने लाकूड पेटत नाही. आग लागते ती सैल कनेक्टर वितळून, आणि तो पत्र्याच्या केसमध्येही वितळतो.

राहिला ३०० रुपयांचा आकडा. धड पंखा घ्यायचा तर त्यातच हे पैसे संपतात. खर्च वाचवायचा खरा मार्ग भंगारवाल्याकडे आहे. जुनं एटीएक्स कॅबिनेट, दरवाजे तुटलेलं, पुढचं प्लास्टिक गायब, असलं कोणालाच नको असलेलं दोन-चारशेत मिळतं. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीवाल्यांकडेही विचारा. त्याचे रिव्हेट बहुधा ३.२ मिमीचे असतात. ४ मिमीच्या बिटने डोकी उडवली की मदरबोर्डचा ट्रे आणि मागची भिंत एकसंध बाहेर येते. स्टँडऑफ, स्लॉट, खिडकी, एसएमपीएसची चौकट, सगळं मापात तयार. वेगळे केलेत तर मात्र परत जुळवताना मिमीचा फरक पडतोच, म्हणून शक्यतो अखंडच काढा. मग त्याभोवती सुताराकडच्या ९ किंवा १२ मिमीच्या कटपीसचं खोकं.

पंख्याचं भोक कापायला महागडा होल सॉ नको. १०५ मिमीच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर साडेचार मिमीची चार भोकं, आत ११५ मिमीचं वर्तुळ जिगसॉने. गाड्यांचे स्पीकर बॉक्स बनवणारा कारागीर हे पाच मिनिटांत करून देतो. पंख्यासोबत येणारे आखूड स्क्रू १२ मिमीच्या प्लायमधून पंख्यापर्यंत पोचत नाहीत. पंखा २५ मिमी, प्लाय १२, वर वॉशर-नट, म्हणजे एम४ चे ४५ मिमी लांब बोल्ट घ्या आणि हाताने आवळा, नाहीतर पंख्याची चौकट तडकते.

भंगारातल्या कॅबिनेटसोबत जुना एसएमपीएसही फुकटात गळ्यात मारला जातो. तो नव्या मशीनला लावू नका, आणि ‘आतला पंखा तरी वापरू’ म्हणून उघडूही नका. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात.