बुलेटची किक उलटी आली त्या रिव्ह्यूबद्दल, गॅरेजकडून

भाऊ, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, जेवण गेलं नाही. तुम्ही लिहिलं की टायमिंगचे, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडावी ते जुळवायचे, 650 रुपये घेतले, दुसऱ्याच दिवशी सकाळी किक उलटी येऊन घोटा सुजला, मग गाडी परत आणली तर दोन दिवस ठेवून घेतली, आणि दुसऱ्या गाड्यांचं हेच काम खूण पाहून दहा मिनिटात होते.

उलट्या किकची चूक आमची आहे, पूर्ण आमची. ज्या पोट्ट्याने पहिल्यांदा काम केलं त्याने प्लगच्या भोकात सायकलचा स्पोक टाकला, मागचं चाक हाताने फिरवलं आणि स्पोक वर यायचा थांबला तिथे टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, धरून डिग्रीच्या चकतीचा काटा शून्यावर केला. इथेच फसते. पिस्टन टोकाला आला की थांबल्यासारखाच वाटते पण क्रँक (पिस्टनला वरखाली करणारा दांडा) फिरतच असते, तुमच्या 350 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, 90 मिमी आहे तरी टीडीसीजवळ क्रँक 5 डिग्री फिरली तर पिस्टन जेमतेम 0.2 मिमी हलते, तेवढं स्पोकवर कोणाच्याच बोटाला कळत नाही. त्यात बुलेटचं प्लगचं भोक तिरपं, स्पोक सरळ बसतच नाही.

गाडी परत आली तेव्हा मी स्वतः बसलो. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून, आटे पाडून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवलेला आहे माझ्याकडे, तो प्लगच्या जागी लावला की पिस्टन वर येऊन त्याला टेकते आणि पुढे जात नाही. एकीकडून हळूच फिरवून टेकवलं, काटा 22 वर. उलटं फिरवून दुसरीकडून टेकवलं तर 30 वर. काट्याचं शून्य बरोबर असतं तर दोन्हीकडे सारखाच आकडा यायला पाहिजे होता, 52 चे अर्धे 26. म्हणजे पोट्ट्याचं टीडीसी 4 डिग्री आधीच होतं, स्पार्क तेवढा लवकर पडून राहिला होता आणि म्हणून किक पायावर आली. काटा सरकवून दोन्हीकडे 26 केले, तीनदा फिरवून पाहिलं, मग बोल्ट काढला. ते शून्य खरं टीडीसी.

आता दोन दिवसांचं. जुन्या बुलेटला बाहेरून पाहता येईल अशी टी (टीडीसी) आणि एफ (ठिणगीची वेळ) ची खूण नाही जी, ज्या गाड्यांच्या मॅग्नेटवर ती असते तिथे काम लवकर होते. चकती लावायला डावीकडचं कव्हर उघडावं लागते, त्यासाठी फुटरेस्ट काढा, ब्रेकचं पेडल काढा, ऑइल खाली करा, परत बसवताना गॅस्केट. पिस्टन एक्झॉस्टच्या वेळीही वर येतेच, म्हणून टॅपेटचं झाकण उघडून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काड्या) बोटाने मोकळे फिरतात का ते पाहिलं, मोकळे असले तरच ते कॉम्प्रेशनचं टीडीसी. पॉइंटचा, म्हणजे उघडला की ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा, गॅप आधी 0.35 मिमीवर घेतला, कारण गॅप नंतर हलवला की टायमिंगही हलते. कंपनीचं ठिणगीचं माप टीडीसीच्या 0.8 मिमी आधी, चकतीवर 9-10 डिग्री. तिथे चाक फक्त पुढच्याच दिशेने फिरवत आणलं, मागे घेतलं की गिअरांचा ढिलेपणा मध्ये येते. इग्निशन चालू करून हेडलाइटवरच्या अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवली, पॉइंट उघडला की काटा टुणकन शून्यावर येते, त्याच क्षणी डिस्ट्रिब्युटर (पॉइंट ज्यात बसतात तो डबा) कसला. नवतपा चालू आहे, दुपारी इंजिन हात लावू देत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता थंड इंजिनवर परत एकदा तपासलं आणि बुटीबोरीपर्यंत नेऊन आणली. येताना बारा किक मारल्या, बंद करून करून, एकही उलटी नाही.

हे सगळं मी तेव्हा फोन करून सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. कानाने टायमिंग करणारेही हुशार लोक आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही, पण कानाला गाडी चालू झाल्यावरच कळते आणि किक त्याच्या आधी मारावी लागते.

तुमचे 650 परत द्यायचे आहेत, दुसऱ्या वेळचे काही घेतलेच नव्हते. घोट्याचा एक्सरे काढला असेल तर ते बिल पण घेऊन या. पोट्टा आता स्पोक वापरत नाही, काल त्याने माझ्यासमोर दोन गाड्या बोल्टने केल्या. तुमचे बाबा ही गाडी कधीपासून चालवतात ते तुम्ही सांगितलं होतं, त्यांनाही घेऊन या, मी कव्हर परत उघडून त्यांच्यासमोर काटा दाखवतो. रविवारी दुकान बंद असते पण तुमच्यासाठी उघडतो, सकाळी नऊच्या आत या म्हणजे ऊन लागणार नाही.