‘बघून चाला’ म्हटल्यानं लादी कोरडी होत नाही

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘कामावर घसरून पडणं हा निष्काळजीपणा आहे. बघून चाला, चांगले बूट घाला. ओल्या लादीची पिवळी पाटी असताना पडलात तर दोष तुमचाच. मुक्या मारासाठी कंपनीकडे भरपाई मागू नका.’ पडून लागलेला माणूस या मेसेजमुळे गप्प बसतो, म्हणून हे लिहितेय.

आधी ‘बघून चाला’. सपाटीवर चालताना पावलाचा पुढचा भाग जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर उचलला जातो. उचकटलेल्या लादीची कड किंवा टेबलाखालून आलेली वायर अडखळायला पुरते, आणि हातात खोका असला तर ती दिसतही नाही. घसरणं त्याहून सोपं. टेकलेली टाच आणि गुळगुळीत लादी यांच्यात पाण्याचा पातळ थर राहिला की पकड सुटते.

जुलैत सकाळी साडेनऊला अंधेरी किंवा लोअर परळच्या एखाद्या इमारतीत जाऊन बघा. लोकलमधून उतरलेली माणसं भिजलेल्या छत्र्या घेऊन आत शिरतात, ठिबकणाऱ्या पाण्याची रेघ थेट लिफ्टपर्यंत जाते. दारात पुठ्ठे अंथरलेले असतात. थोड्याच वेळात ते भिजून लिबलिबीत होतात आणि पायाखालून सरकू लागतात. नेमक्या त्याच वेळी हाऊसकीपिंगच्या मावशी ओला मॉप फिरवत असतात, कारण त्यांना वेळच तशी दिलेली असते. इथे पडणाऱ्यानं नक्की काय बघायचं होतं? दाराबाहेर छत्र्यांचा स्टँड, आत चार-पाच पावलं पडतील एवढं लांब, पाणी शोषणारं पायपुसणं, गर्दीच्या आधी पुसून कोरडी केलेली लादी. हे सगळं ठरवणं व्यवस्थापनाच्या हातात असतं.

बूट चांगले हवेतच. पण हॉटेलच्या किचनमध्ये सांडलेलं तेल नुसत्या ओल्या फडक्यानं निघत नाही, उलट पसरतं. ते गरम पाण्यानं आणि साबणानं काढून जागा कोरडी करावी लागते. ते केलं नाही, तर भारी सोलही किती साथ देणार!

पाटी फक्त धोका आहे एवढं सांगते. ती दिवसभर तिथेच उभी असली की लोकांचं लक्ष जाईनासं होतं. फरशा, पायऱ्या आणि येण्याजाण्याच्या वाटा अडथळ्यांपासून आणि घसरवणाऱ्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवा, असं १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२नं मालकांना सांगितलं होतं. नुसती पाटी लावा, असं नव्हे.

‘मुका मार’ म्हणाल, तर पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. मागे पडला तर डोकं आपटतं.

भरपाईबद्दलची ओळ तर सरळ चुकीची आहे. कामावर, कामामुळे झालेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं मालकावर टाकली. दुखापतीमुळे तीन दिवसांहून जास्त काम करता आलं नाही, की ती लागू होते. नशेत असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं असे मोजकेच अपवाद त्यात आहेत. साधी बेसावधी त्यांत नाही. या तरतुदी आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड असलेल्यांना लाभ ईएसआयकडून मिळतो.

तेव्हा पडलात तर त्याच दिवशी अपघात नोंदवहीत वेळ आणि जागा लिहायला लावा, कोणी पाहिलं असेल तर त्याचं नावही. आणि लादी पुसली जाण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून घ्या.