यील्ड वाढवायचंय? शेअर पडू द्या

डिव्हिडंड यील्ड, म्हणजे कंपनी वर्षाला वाटते ते पैसे (डिव्हिडंड) शेअरच्या भावाच्या किती टक्के, ते जास्त हवंय ना, मग आधी पडणारा शेअर शोधा. चेष्टा नाही, साधा भागाकार आहे. 200 रुपयांच्या शेअरवर कंपनी वर्षाला 10 रुपये देते म्हणजे यील्ड 5 टक्के, आता धंदा बसला, ऑर्डरी गेल्या, शेअर आला 100 वर, की झालं 10 टक्के! कंपनीने काही केलं नाही, नुसती आपटली, आणि तुमचं यील्ड डबल. पुढच्या वर्षी डिव्हिडंड द्यायला पैसे उरतील का असले अशुभ प्रश्न काढायचे नाहीत. अ‍ॅपवर मागच्या 12 महिन्यांचा आकडा असतो, यील्डच्या कॉलमवर टॅप करा, वरचे 5 उचला, चहा घ्या.

एक्स-डेटच्या (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) आदल्या दिवशी घेतलात तर अजून भारी. 10 रुपये तुमच्या नावावर लागतात आणि शेअर सकाळी साधारण तेवढाच खाली उघडतो, म्हणजे या खिशातले त्या खिशात, फक्त मधे इन्कम टॅक्सवाले हात घालतात कारण 2020 पासून डिव्हिडंड आपल्याच उत्पन्नात धरतात. पण 'क्रेडिटेड' असा मेसेज येतो ना, त्याची मजा वेगळीच.

फ्लॅटचं यील्ड काढताना मात्र आजची किंमत घेऊ नका, मूड जातो. 1 कोटीचा फ्लॅट, 22 हजार भाडं, म्हणजे 2.64 टक्के, तेही मेंटेनन्स न धरता आणि भाडेकरू बारा महिने टिकला तर. त्यापेक्षा 2005 साली 20 लाखाला घेतला होता ना, त्याने भागा. 13 टक्के! लग्नकार्यात हाच आकडा सांगायचा.

मी स्वतः असाच एक शेअर घेतलाय, नाव नको. 160 चा भाव, वर्षात 22 रुपये डिव्हिडंड, यील्ड जवळपास 14. एफडी मोडून घेतला. नंतर कळलं की त्या 22 मधले 19 रुपये कंपनीने जुन्या प्लांटची जागा विकून एकदाच वाटले होते. पुढच्या वर्षी 3 रुपये आले, शेअर 88 वर.

सांगलीकडचे मामा ऊस लावतात. त्यांना यील्ड म्हटलेलं कळेना म्हणून म्हटलं उतारा हो, उतारा, 14 टक्के. (उसातून किती टक्के साखर निघते तो उतारा; आपल्याकडे सातबाराचाही उताराच आणि दृष्ट काढून तिकटीवर टाकतात तोही, माझा नेमका कुठला ते तुम्ही ठरवा.) मामा उठूनच बसले. "चौदा उतारा? कुठल्या कारखान्याचा? काटा बघितलास का?" त्या माणसाला 2025-26 ची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 उताऱ्याला टनाला 3550 आणि वर प्रत्येक 0.1 ला 34 रुपये 60 पैसे हे तोंडपाठ, 14 म्हटल्यावर संशय येणारच. मग जागा विकल्याचं सगळं सांगितलं.

"म्हंजे जमीन इकल्याला पैसा तू उसाच्या बिलात धरलास व्हय रं?"

मामांचं डिमॅट नाही. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.