टेन्युअर म्हणजे फुकटचा आराम नाही हो

अमेरिकेत प्राध्यापकाला एकदा टेन्युअर, म्हणजे सहजासहजी काढता न येणारी कायमची नोकरी, मिळालं की तो वर्गात झोपला तरी त्याला कुणी हात लावू शकत नाही, असं आपल्याकडे लोक फार ठामपणे सांगतात आणि लगेच पुढे जोडतात की आपले अनुदानित कॉलेजवाले पण तसेच. मी स्वतः अनुदानित कॉलेजात परमनंट आहे, त्यामुळे टोमणा कुणाला आहे ते कळतं. पण दोन्हीकडचा प्रकार एक नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे असिस्टंट प्रोफेसर आहे, टेन्युअर ट्रॅकवर. म्हणजे अजून मिळालेलं नाही, फक्त रांगेत उभा आहे. साधारण पाच-सहा वर्षं पेपर छापायचे, ग्रँटसाठी अर्ज करायचे, शिकवायचं, कमिट्यांवर बसायचं आणि मग फाईल लावायची. ती फाईल दुसऱ्या विद्यापीठांतल्या त्याच विषयातल्या लोकांकडे जाते, जे शक्यतो त्याचे गाईडही नसतात आणि दोस्तही नसतात, त्यांची गोपनीय पत्रं येतात, मग डिपार्टमेंटमधले टेन्युअरवाले मतदान करतात, मग कमिटी, डीन, प्रोव्होस्ट (विद्यापीठाचा शैक्षणिक प्रमुख) आणि शेवटी ट्रस्टींचं बोर्ड. होकार आला तर बहुतेक ठिकाणी असोसिएट. नकार आला तर एक शेवटचं वर्ष देतात, तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा आणि निघा. ‘राहू दे, असिस्टंट म्हणूनच राहतो’ असं सहसा चालत नाही. चाळिशीच्या आसपास, पोरं शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर आणि हे. आराम कुठे दिसला लोकांना कोण जाणे.

आणि मिळाल्यावरही काढता येतं बरं का. गैरवर्तन असेल, काम धड नसेल, संस्था खरंच आर्थिक संकटात असेल किंवा अख्खा विभागच बंद होत असेल तर काढतात. फक्त कारण द्यावं लागतं आणि त्या माणसाचं म्हणणं रीतसर ऐकावं लागतं. निवृत्तीचं सक्तीचं वय मात्र तिकडे १९९४ पासून नाही, त्यामुळे पंचाहत्तरीचे लोक खुर्चीत दिसतात आणि तरुणांना जागा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे.

पण हे सगळं आलं कुठून? १९०० साली स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड रॉस नावाच्या प्राध्यापकाला जावं लागलं. संस्थापकांच्या विधवा जेन स्टॅनफर्ड यांना त्याची भाषणं खटकली. घरचा पैसा रेल्वेचा, ती रेल्वे बांधली चिनी मजुरांनी आणि हा बोलायचा आशियातून येणाऱ्या मजुरांच्या विरोधात. (रॉसची ती मतं सरळसरळ वंशद्वेषी होती, त्याला हिरो करायची काही गरज नाही.) मुद्दा एवढाच की मालकीणबाईंना आवडलं नाही म्हणून मास्तर घरी, आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेत शोभेल अशी गोष्ट. निषेध म्हणून काही सहकारी राजीनामे देऊन बाहेर पडले, त्यातले एक आर्थर लव्हजॉय. पुढे १९१५ मध्ये लव्हजॉय आणि जॉन ड्युई यांच्या पुढाकाराने प्राध्यापकांची संघटना उभी राहिली, ड्युई पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी संघटनेने विचारस्वातंत्र्य आणि टेन्युअरबद्दल जाहीरनामा काढला, त्या समितीचे अध्यक्ष एडविन सेलिग्मन. ड्युई आणि सेलिग्मन ही नावं आपल्याला परकी नाहीत, दोघंही कोलंबियात बाबासाहेबांचे शिक्षक, आणि बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथेच होते, म्हणजे हे सगळं घडत होतं तेव्हा ते तिथे शिकत होते. आमच्या कॉलेजांत जयंतीला दरवर्षी भाषणं होतात, ही गोष्ट कुणी सांगितलेली मी तरी ऐकली नाही.

नंतर या संघटनेच्या १९४० च्या निवेदनात प्रोबेशन जास्तीत जास्त सात वर्षं असं ठरलं आणि आजची पद्धत बसली. तीही अढळ नाही, विस्कॉन्सिनने २०१५ मध्ये टेन्युअर राज्याच्या कायद्यातूनच काढलं, आता ते तिथे फक्त विद्यापीठाच्या धोरणात आहे.

आता आपल्याकडे या. नेट-सेट, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, थोडं प्रोबेशन आणि झालात परमनंट. तपासणी काय ती दारातच, आणि मुलाखतीआधी कुणाकडून काय काय ‘अपेक्षा’ असते ते मी इथे लिहायची गरज नाही. पुढे कॅसचं (ठरावीक सेवेनंतरच्या बढतीच्या योजनेचं) प्रमोशन नाही मिळालं तरी नोकरी जात नाही, साठीपर्यंत राहता. म्हणजे पगार सुरक्षित. पण तोंड? कॅसच्या फाईलवर सही प्राचार्यांची, एनओसी संस्थेची, आणि संस्था मोठी असेल तर लांबच्या तालुक्यात तिची दुसरी शाखा असतेच. नोकरीवरून काढायची गरजच पडत नाही, बदलीची नुसती कुजबुज पुरते. मग स्टाफरूममध्ये सगळे वाघ आणि मीटिंगमध्ये ‘हो साहेब’.

टेन्युअरवर चिडणाऱ्यांना एक दिसत नाही, की ते असलेले लोक दोन्हीकडे कमीच होत चाललेत. अमेरिकेत जवळपास दोनतृतीयांश शिकवणारे टेन्युअर ट्रॅकच्या बाहेर आहेत, त्यातले बरेच कोर्समागे पैसे घेणारे अॅडजंक्ट. आपल्याकडे त्याचं नाव सीएचबी, तासिका तत्त्व. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई सेट झालेली, पीएचडी झालेली, माझ्याइतकंच किंवा माझ्याहून चांगलं शिकवते, पण तासाचे पैसे, तेही उशिरा, सुट्टीत शून्य आणि दरवर्षी नव्याने मुलाखत त्याच लोकांसमोर. सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात.

संस्थेतल्या कुणाच्या पुतण्याने वर्षभर तोंड दाखवलं नाही तर इंटर्नलला त्याचे मार्क कापायचे कोणी? मी कापले तर फार तर बदली होईल. तिने कापले तर पुढच्या जूनमध्ये तिची ऑर्डरच निघणार नाही, आणि का नाही निघाली हे तिला लिहून द्यायला कुणी बांधील नाही.