एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क का कापायचा?

परीक्षा जवळ आल्या की अकरावी-बारावीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. एककं ही निव्वळ औपचारिकता, आकडा बरोबर तर उत्तर बरोबर. रूपांतर म्हणजे हजाराने गुणा नाहीतर भागा. दहाचे घात शून्यं लिहायचा कंटाळा म्हणून. उरलंसुरलं कॅल्क्युलेटर बघतो. अर्धा मार्क कापणारे सर खडूस! सरांबद्दल मी बोलणार नाही, बाकीचं पाहू.

आकडा बरोबर तर उत्तर बरोबर? 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाचं एक बोइंग 767 माँट्रियलहून एडमंटनला निघालं. इंधन हवं होतं 22,300 किलो. विमान नवं, मेट्रिक मापांचं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीतलं इंधन पट्टीने मोजून लिटर काढले आणि वजनासाठी 1.77 ने गुणलं. 1.77 हा आकडा चुकीचा नव्हताच. फक्त तो लिटरचं वजन पौंडांत सांगणारा होता; किलोसाठी हवा होता साधारण 0.8. गुणाकार चोख, कागदावर हिशेब जुळला, आणि टाकीत गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन. 41,000 फुटांवर इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालवायचा अनुभव होता, म्हणून ते धूड वाटेतल्या गिमली गावाच्या जुन्या हवाई तळावर उतरलं आणि सगळे वाचले. 1.77 पुढे ‘पौंड प्रति लिटर’ लिहून गुणाकार केला असता, तर उत्तराशेजारी पौंड आपोआप दिसले असते.

हजाराने भागलं की झालं? लांबीपुरतं झालं. तांब्याची 10 मीटर तार घ्या, काटछेद 1 चौरस मिलिमीटर, रोधकता 1.7 × 10⁻⁸ ओहम-मीटर. कित्येक जण काटछेद 10⁻³ चौरस मीटर धरतात. मिलिमीटरचा वर्ग होतो तेव्हा 10⁻³ चाही वर्ग होतो, म्हणजे 10⁻⁶. रोध (रोधकता × लांबी ÷ काटछेद) 0.17 ओहम यायचा, तो 0.00017 येतो. सूत्र पाठ, मांडणी सुबक, उत्तर हजारपट चुकलेलं.

घात म्हणजे शून्यांचा कंटाळा, हे अर्धंच खरं. 4500 मीटर असं नुसतं लिहिलं, तर मोजमाप मीटरपर्यंत नेमकं आहे की शंभर मीटरच्या अंदाजाने, हे कळत नाही. 4.5 × 10³ म्हणजे शंभर मीटरच्या अंदाजाने आणि 4.500 × 10³ म्हणजे मीटरपर्यंत नेमकं, हे लगेच कळतं.

कॅल्क्युलेटर? बोर्डाच्या पेपरला तो नेताच येत नाही, लॉग टेबल चालतं. आणि लॉगमधलं कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे त्याचा पूर्णांक भाग, हा तोच दहाचा घात! घरी कॅल्क्युलेटर वापरताना 5 × 10³ साठी 5, गुणिले, 10, मग ईएक्सपी आणि 3 दाबणारे काही कमी नाहीत. ईएक्सपी या बटणातच ‘गुणिले दहाचा घात’ आलेलं असतं, म्हणून उत्तर येतं 50,000.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्यांची कुरकुर रास्त आहे: सगळं एसआयमध्येच, म्हणजे मीटर, किलो, जूल अशा आंतरराष्ट्रीय एककांतच करा हा हट्ट उगाचचा. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनची पायाभूत (सर्वांत कमी ऊर्जेच्या) स्थितीतली गतिज ऊर्जा खुशाल 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं अणूंसाठी सोयीचं छोटं एकक) लिहावी, 2.18 × 10⁻¹⁸ जूल करत बसू नये. फक्त वहीत नुसतं 13.6 ठेवून पुढच्या ओळीत वेग काढायला घेतला आणि ते जूल समजून सूत्रात घातलं, तर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ दोन कोटी पट वेगाने पळतो.