चौथी सीट आणि संत पौल

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. वेदीजवळ हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या नि एक गुलाबी. दर रविवारी एक नवी पेटते. पहिली आशेची. फादर सांगतात, या दिवसांत जरा थांबा, प्रभूची शांतपणे वाट पाहा. थांबायला आमची ना नाही. रोज संध्याकाळी अंधेरीला विरार लोकलसाठी आम्ही थांबलेल्याच असतो. प्रश्न शांततेचा आहे.

घरी ती मिळायची नाही. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या हिरवळीसाठी आइस्क्रीमच्या डब्यात नाचणी पेरायची, करंज्यांचं खोबरं किसायचं, कॅरलच्या प्रॅक्टिसला मुलांना पिटाळायचं. त्यात ऑफिसला वर्षअखेर. म्हणून जपमाळ गाडीतच. एक हात कडीला, दुसरा बायकांमध्ये चेपलेला, त्यामुळे ‘नमो मरिया’च्या प्रार्थना एकाच हाताच्या बोटांवर मोजायच्या. दुसऱ्या नमो मरियाला मी समोर बसलेल्या बाईला विचारते, ‘‘कुठे उतरणार?’’ ती म्हणते, ‘‘बोरिवली.’’ मग तिसरी नमो मरिया जरा जास्त भक्तिभावाने होते.

‘जे दिसत नाही त्याची आशा धरावी आणि धीराने वाट पाहावी,’ अशा अर्थाचं येशूचा संदेश सांगत फिरणारा संत पौल बायबलमधल्या पत्रात रोमकरांना लिहितो. मला हा माणूस आपल्यातला वाटतो. त्याच पत्रात तो सांगतो की तुमच्याकडे यायचं कितीदा ठरवलं, पण दर वेळी अडथळा आला. म्हणजे आशेवरचं पत्र लिहिलं कुणी, तर वाटेत अडकलेल्या प्रवाशाने! पुढे तो रोमला पोहोचला खरा, पण कैदी म्हणून, तेही माल्टाजवळ जहाज फुटल्यावर. आपल्याकडे निदान ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ तरी म्हणतात.

पोप फ्रान्सिस यांनी 2025 हे पवित्र वर्ष जाहीर केलं, त्याचं ब्रीद होतं ‘आशेचे यात्रेकरू’. भाविक रोमच्या पवित्र दरवाजातून आत गेले. मी पासधारक, माझी यात्रा लेडीज डब्याच्या दरवाजातून, आणि आत जाण्यात माझा स्वतःचा वाटा फारच थोडा.

परवा बोरिवली आलं. माझी बोरिवली उठेना. ‘‘आज भाईंदरला जायचंय हो, नणंदेकडे,’’ ती खिडकीकडे बघत म्हणाली. एवढ्या नमो मरिया कुठे गेल्या, असं मनात आलंच. मेथी निवडत बसलेल्या शेजारणीने माझं तोंड बघितलं असावं. ती सरकली. ‘‘या, चौथी घ्या.’’

तिघींच्या बाकावरची चौथी सीट म्हणजे अर्धं अंग बाकावर, अर्धं देवाच्या भरवशावर. टेकले. ओठ हलत होते ते तिने पाहिलं होतं.

‘‘तुमचा नाताळ ना? 25 ला?’’

‘‘हो.’’

‘‘मग आत्तापासून काय करता?’’

‘‘वाट बघतो.’’

‘‘नुसती?’’

तेवढ्यात दहिसरच्या पुढे गाडी थांबली. पंखेही बंद पडले. कुणीतरी रेल्वेचा उद्धार केला. माझी शेजारीण मात्र शांत. तिने पिशवीतून आणखी एक जुडी काढली, दोरा तोडला आणि अर्धी माझ्या मांडीवर ठेवली.

‘‘नुसतं कशाला बसायचं? घ्या, निवडा. देठ फार ठेवू नका, आमच्याकडे खात नाहीत.’’